टायटन ट्रिगरफिश अंगावर आला तर वर पळू नका

पहिल्यांदाच प्रवाळाजवळ डायव्हिंग करणार असाल, तर टायटन ट्रिगरफिश आधी ओळखायला शिका. शार्कबद्दल सगळे विचारतात, याच्याबद्दल कुणीच नाही. माझ्या मते नवख्याने जास्त जपावं ते यालाच.

लाल समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत हा आढळतो आणि 75 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. अंग पिवळट-हिरवं, खवल्यांच्या कडा गडद, तोंडावर मिशीसारखा काळा पट्टा. दात इतके भक्कम की समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) आणि खेकड्यांची कवचं सहज फोडतो. तो तळाचे तुकडे उलटवत चरत असला की उरलंसुरलं टिपायला लहान मासे मागे घोटाळतात. लांबून नक्की बघा, फार सुंदर दृश्य असतं. एरवी तो कुणाच्या वाटेला सहसा जात नाही.

प्रश्न असतो विणीच्या काळाचा. मादी वाळूतल्या खळग्यात अंडी घालते आणि जिवापाड राखते. घरट्यापासून वर रुंदावत जाणारं, नरसाळ्याच्या आकाराचं पाणी ती आपलं मानते. म्हणजे वर गेलात तरी तिच्याच हद्दीत राहता! आडवे पोहत दूर व्हा, तोंड तिच्याकडे आणि पायातले फिन्स (पोहायची वल्ही) तुमच्या-तिच्या मध्ये ठेवा. पाठीवरचा काटा ताठ झाला किंवा कुशीवर कलून ती तुम्हाला न्याहाळू लागली, की फोटोचा मोह सोडून लगेच निघा. घाबरून झपाट्याने वर येणं चाव्यापेक्षाही घातक ठरू शकतं. चावलीच, तर डाइव्ह तिथेच थांबवा, जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.