भूत की गळ?

प्रश्न : फोनवर कुणाला तरी चार शब्द सुनावले, तर नातू हसत म्हणाला, "आजोबा, तुम्हाला ट्रोल केलंय." हा ट्रोल कोण?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नातवाचं बरोबर आहे. फक्त या एका शब्दात दोन शब्द दडलेत.

पहिला नॉर्वे-स्वीडनकडचा. जुन्या नॉर्स भाषेत ट्रोल म्हणजे राक्षस किंवा भूत. लोककथांत तो डोंगरकपारीत राहतो. बहुतेकदा धिप्पाड आणि डोक्यानं मठ्ठ. उजाडायच्या आधी कपारीत शिरला नाही तर ऊन लागून त्याचा दगड होतो. आमच्या खानापूरकडं आजी सांगायची, वेताळाची पालखी कोंबडा आरवायच्या आत परत फिरते. त्यामुळं मला हा गडी फार परका वाटत नाही. नॉर्वेत दरीवर पुढं आलेल्या एका कड्याला 'ट्रोलटुंगा' म्हणतात, ट्रोलची जीभ. स्वीडिश लोक जादूचे खेळ करण्याला आजही 'ट्रोला' म्हणतात.

दुसरा शब्द मासेमारीचा, बहुधा जुन्या फ्रेंचमधून आलेला. चालत्या होडीमागं आमिष लावलेली दोरी ओढत न्यायची, हे ट्रोलिंग. १९९० नंतरच्या काही वर्षांत यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरुवातीच्या चर्चागटांत, जुनी मंडळी मुद्दाम येडपट प्रश्न टाकायची आणि नवखे तावातावानं उत्तरं द्यायला धावायचे. त्यालाही ट्रोलिंगच म्हणू लागले. पुढं लोकांना या शब्दात मासेमारीऐवजी राक्षसच दिसू लागला. नॉर्वेतल्या एका गोष्टीत पुलाखाली दबा धरून बसलेला, वरून जाणाऱ्या बोकडांना अडवणारा ट्रोल आहे. तो इथं फिट्ट बसला.

मला विचाराल तर गळच खरा. आमचे मामा मलप्रभेच्या काठावर बसायचे. गांडुळाचे तुकडे करून गळाला लावायचे आणि बिडी ओढत गप्प. हिसका बसला की गालातल्या गालात हसायचे. कन्नडमध्ये गाळ, आपल्याकडं गळ, आणि 'गळाला लागला' हे तर आपण माणसांबद्दलच जास्त म्हणतो.

मीही लागलोय. एका ग्रुपवर कुणी तरी लिहिलं, "बेळगावचा कुंदा म्हणजे गोड खवा, त्यात काय विशेष?" चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस मी, पण दूध किती आटवायचं, रंग कधी धरतो, सगळं लिहून काढलं. तासाभरानं त्याचं उत्तर आलं : एक हसरा चेहरा.

तुम्ही कशावर चिडला होतात, तेवढं मात्र कळवा.