वितळलेल्या शिशात पोलाद कसे टिकते?

प्रश्न : मी नाशिकला सातपूर औद्योगिक वसाहतीत सोल्डरिंगचे काम करतो. काही अणुभट्ट्यांत पाण्याऐवजी वितळलेले शिसे फिरवतात, असे वाचनात आले. तेथे पाणी नाही, हवा नाही. मग पोलादाला गंज कशाचा आणि त्यावर लेप कशासाठी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सोल्डरिंगच्या साध्या तांब्याच्या बिटाला, म्हणजे तापवलेल्या टोकाला, काही दिवसांत खड्डा पडतो आणि ते पुन्हा कानशीने घासावे लागते, हे आपण रोज पाहत असाल. ते तांबे वितळलेल्या कथिलात विरघळलेले असते. म्हणूनच टिकाऊ बिटावर लोखंडाचा मुलामा देतात. शिसे फिरवणाऱ्या अणुभट्टीत पोलादाचे हेच होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि सुमारे १७४९ अंशांना उकळते, त्यामुळे दाब न वाढवता उष्णता वाहून नेण्यास ते उत्तम; पण स्टेनलेस स्टीलमधील निकेल त्यात सहज विरघळते आणि रिकाम्या झालेल्या जागेत शिसे शिरून भिंत आतून पोखरते. गरम भागात विरघळलेला धातू थंड भागात साचतो, त्यामुळे ही झीज आपोआप थांबतही नाही.

पहिला उपाय म्हणजे शिशात अगदी किंचित ऑक्सिजन राखून पोलादावर ऑक्साइडचा थर टिकवणे. मात्र ऑक्सिजन जास्त झाला तर शिशाचेच ऑक्साइड होऊन गाळ धरतो. सोव्हिएत संघाच्या के-२७ या अणुपाणबुडीत शिसे व बिस्मथ या धातूंचे वितळलेले मिश्रण वापरत. १९६८ मध्ये अशाच गाळाने मार्ग तुंबून अणुइंधन अति तापून निकामी झाले आणि नौसैनिकांचे प्राण गेले. ही गोष्ट विसरता येत नाही.

सुमारे ५०० अंशांपुढे लोखंडाच्या ऑक्साइडचा थर जाड होऊन सुटू लागतो. तेथे लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा लेप देतात, कारण त्यावर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, अतिशय पातळ, घट्ट थर धरतो. नुसत्या ॲल्युमिनाचा लेपही लेसरच्या साहाय्याने देता येतो. पण त्याला चीर गेली तर ती आपली आपण भरत नाही. मुलामा दिलेले बिट कानशीने घासले की नेमका तेथेच खड्डा पडतो, तसेच हे. म्हणून ज्याच्या पोटात ॲल्युमिनियम शिल्लक आहे आणि जो ऑक्सिजन मिळताच चीर पुन्हा झाकतो, असा लेप मला अधिक भरवशाचा वाटतो.

तमिळनाडूतील कल्पक्कमच्या द्रुत (फास्ट) अणुभट्ट्यांत शिसे नसून वितळलेले सोडियम आहे. ऑक्सिजन अत्यल्प ठेवला तर सोडियम स्टेनलेस स्टीलला फारसे खात नाही. पण तो पृष्ठभागावरील ऑक्साइड काढून टाकतो आणि एकमेकांवर घासणारे भाग चिकटून बसू शकतात. त्यासाठी तेथे निकेलयुक्त कठीण लेप निवडला आहे. कोबाल्टयुक्त लेप टाळला, कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्यात कोबाल्ट तीव्र किरणोत्सारी होतो आणि दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना त्याचा धोका असतो.