हवा मारू नका, कीस उचला

प्रश्न : मागच्या खोलीत मी छोटा लेथ (धातू फिरवत कापायचं मशीन), ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर आणि टेबल सॉ (लाकूड कापायची टेबलाची करवत) मांडला आहे. काम संपलं की कॉम्प्रेसरच्या हवेने सगळं साफ करतो. तरी लेथच्या बेडवर, म्हणजे त्याच्या लांब लोखंडी पाटावर, काळा चिकट थर बसतो, दमट दिवसांत गंजही धरतो. शिवाय टेबलावर उरल्यासुरल्या तुकड्यांचा ढीग! काय करावं?

उत्तर : रोज साफसफाई करता, हे फार चांगलं. पण आजपासून लेथवर हवा मारणं बंद करा. हवेच्या जोराने धातूचा बारीक कीस सॅडलखाली (बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) आणि तो भाग सरकवणाऱ्या लीड स्क्रूच्या नटमध्ये शिरतो. तिथे तो तेलात मिसळला की स्लाइड घासू लागतो. डोळ्यात उडण्याचा धोका वेगळाच. टूलरूममध्ये नव्या शिकाऊ मुलांच्या हातात मी आधी ब्रश देत असे, कटिंग टूल नंतर. ताठ केसांच्या ब्रशने कीस खाली ओढा, उरलेला व्हॅक्यूमने घ्या. लांब वेटोळा कीस हाताने धरू नका, तो कातडी चिरतो. मशीन पूर्ण थांबवून हुकाने काढा. आणि मशीन चालू असताना हातमोजे अजिबात नकोत.

काळा थर येतो तो शेजारामुळे. लाकडाचा भुसा बेडवरचं तेल शोषतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून त्याच्याखाली गंज येतो. ग्राइंडरची धूळ त्याहून वाईट, कारण तिच्यात दगडाचे कण असतात. माझं ठाम मत आहे की ग्राइंडर लेथजवळ असूच नये. खोली एकच असेल तर तो दूरच्या कोपऱ्यात न्या. लाकूड कापताना लेथवर सुती चादर टाका. प्लास्टिक नको, त्याच्याखाली दमट हवा कोंडते. काम झालं की चादर बाहेर नेऊन झटका, बेड पुसा आणि ६८ ग्रेडच्या स्लाइडवे तेलाचा (सरकत्या पृष्ठभागांसाठीच्या तेलाचा) पातळ हात फिरवा. डब्ल्यूडी-४० ओल हटवायला ठीक, पण स्लाइडवेच्या तेलाची जागा ते घेऊ शकत नाही. टेबल सॉच्या बिडाच्या पाटावर मात्र तेल लावू नका, लाकडाला डाग पडतात. तिथे सिलिकॉन नसलेलं पेस्ट वॅक्स घासा.

भुसा ओढायच्या व्हॅक्यूमने ग्राइंडरची धूळ ओढू नका. एखादी गरम ठिणगी पिशवीतल्या भुशात तासन्‌तास धुमसू शकते. आणि कापताना मास्क लावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक म्हटलं आहे.

तुकड्यांसाठी एकच खोकं ठेवा. ते भरलं की नवा तुकडा ठेवण्याआधी जुना एक काढायचा. पाने, कानशी भिंतीवर टांगा, प्रत्येकाची आकृती मागे रंगवा, म्हणजे काय हरवलं ते दिसतं. लेथच्या बेडवर मात्र काही ठेवायचं नाही, पाना पडून आलेला पोचा कायमचा राहतो. चक (काम पकडणारा जबडा) बदलताना खाली फळी घाला.

पॉलिशला जवसाचं तेल वापरत असाल, तर त्याची फडकी चुरगाळून खोक्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं, आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.