गिटारवर जी, सी, डी आणि ई मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) येतात. आता पुढचे कॉर्ड कोणते शिकू?

नवे कॉर्ड पाठ करण्याआधी, येतात त्यांतूनच काढा. सी धरलात की फक्त अनामिका पाचव्या तारेवरून (तारा बारीक बाजूने मोजा) उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या दुसऱ्या घरात ठेवा, ए मायनर झाला. तीच आकृती एक तार जाड बाजूला सरकवली की ई मेजर. एफच्या बार कॉर्डपाशी (ज्यात एकच बोट आडवं टेकवून सगळ्या तारा दाबतात) अनेक जण गिटार ठेवून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तोवर एफ मेजर सेव्हन वाजवा: बारीक चार ताराच पुरतात, पहिली मोकळी. बोटांत ताकद आली की ई मेजरचीच आकृती बार धरून सरकवा. पहिल्या फ्रेटवर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए. सराव करताना कॉर्ड चुकला तरी उजवा हात थांबवू नका.