मॉडेलवरून फॉर्म : आपोआप किती, हाताने किती

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जँगो या पायथॉन भाषेतल्या, वेबप्रणाली बांधण्याच्या चौकटीतील मॉडेलफॉर्म या एकाच सोयीविषयी, म्हणजे मॉडेलवरून (डेटाबेसमधल्या टेबलाच्या वर्णनावरून) फॉर्म आपोआप तयार करण्याविषयी आहेत. तिन्ही नागपूरची आहेत आणि एकाच्या उत्तरात दुसऱ्याचा धागा सापडतो, म्हणून ती सलग घेतली आहेत.

प्रश्न : मी कळमना बाजारातील एका संत्रा अडत्यासाठी आवकेच्या नोंदी ठेवणारी छोटी वेबप्रणाली जँगोमध्ये तयार करीत आहे. शेतकरी, बहार, क्रेटची संख्या, वजन, भाव, आवकेची तारीख आणि शेरा हे रकाने मॉडेलमध्ये एकदा लिहिले. तेच सगळे फॉर्मसाठी पुन्हा लिहावे लागत असल्याचे पाहून एका मित्राने मॉडेलफॉर्म सुचवला. ही सोय स्वतःहून काय काय करते आणि तिच्यावर किती विसंबावे? (एक वाचक, महाल)

उत्तर : मित्राचा सल्ला योग्य आहे. एकच यादी दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी एका ठिकाणी बदल होतो आणि दुसरीकडे राहून जातो. जँगो २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण त्याचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. तिथे माहिती भरण्याची पाने वृत्तपत्राच्या घाईत उभी करावी लागत, त्यामुळे मॉडेल एकदा लिहून बाकीचे त्यावरून काढून घेण्याची वृत्ती या चौकटीत मुळापासूनच आहे. २००८ च्या सप्टेंबरमधील १.० आवृत्तीपासून मॉडेलफॉर्म तिच्यासोबत येतो.

तो मॉडेलमधील एकेक रकाना पाहून त्याला साजेशी पेटी निवडतो. कॅरफील्डला, म्हणजे मर्यादित लांबीच्या मजकुराच्या रकान्याला, एका ओळीची पेटी मिळते आणि त्याची कमाल लांबी ब्राउझरमध्ये व सर्व्हरवर अशा दोन्हीकडे तपासली जाते. लांब मजकुराचे टेक्स्टफील्ड असलेल्या शेऱ्याला मोठी चौकट मिळते. ‘आंबिया’ आणि ‘मृग’ असे पर्याय दिलेल्या बहाराच्या रकान्याची, तसेच फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोड) असलेल्या शेतकऱ्याच्या रकान्याची ड्रॉपडाउन यादी होते. मॉडेलमध्ये रकान्याला दिलेले वाचनीय नाव, म्हणजे व्हर्बोस नेम, हेच फॉर्मवरचे लेबल ठरते, म्हणून ‘क्रेटची संख्या’ हे मराठी नाव तिथेच लिहून ठेवावे. नोंद तयार झाल्याची वेळ आपोआप घेणारा, म्हणजे ऑटो नाऊ ॲड लावलेला रकाना फॉर्मवर येतच नाही आणि आपण हट्टाने त्याचे नाव यादीत घातले तर जँगो थेट एरर देतो.

नवख्यांचा हमखास गोंधळ ‘नल’ आणि ‘ब्लँक’ यांत होतो. ‘नल’ डेटाबेसशी बोलते, की या स्तंभात काहीच नसले तरी चालेल. ‘ब्लँक’ फॉर्मशी बोलते, की ही पेटी रिकामी ठेवली तरी चालेल. शेऱ्यासारख्या मजकुराच्या रकान्याला बहुतेक वेळा केवळ ब्लँक पुरते, कारण जँगो तिथे रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) साठवतो. नलही दिले तर ‘काहीच नाही’ साठवण्याचे दोन प्रकार होतात आणि पुढे अहवाल काढताना दोन्ही शोधत बसावे लागते.

विसंबू नये अशी पहिली जागा तारखेची. डेटफील्डला मॉडेलफॉर्म साधी मजकुराची पेटी देतो आणि टाइप केलेली तारीख ठरावीक साच्यांशी ताडून पाहतो. सेटिंग्जला हात लावलेला नसेल तर त्या साच्यांत तिरप्या रेषांची तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी वाचली जाते. मुनीमजींनी २५ ऑक्टोबरची आवक २५/१०/२०२४ अशी भरली तर पंचविसावा महिना नसल्याने फॉर्म ती नाकारतो आणि चूक निदान दिसते. पण ५ ऑक्टोबरची आवक ०५/१०/२०२४ अशी भरली तर ती निमूटपणे १० मे म्हणून साठवली जाते. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांपुरताच हा दोष मुका राहतो, म्हणून चाचणी महिनाअखेरीस करणाऱ्याला तो ध्यानात येत नाही, आणि आंबिया बहाराची संत्री भर उन्हाळ्यात विकल्याचा अहवाल मालकाच्या टेबलावर जातो. रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा साचा स्पष्टपणे द्यावा, किंवा ब्राउझरची दिनदर्शिका उघडणारी ‘डेट’ प्रकारची पेटी वापरावी. ही पेटी वापरताना तिचा साचा वर्ष-महिना-दिवस असा बांधून द्यावा. नाहीतर दिवस आधी लिहिणाऱ्या भाषेची मांडणी चालू असताना जुनी नोंद दुरुस्तीला उघडली की तारखेची पेटी रिकामी दिसते.

दुसरी जागा आपल्या अंकांची. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून, कॅरफील्डमध्येच ठेवावा. पण ‘दहा अंक’ ही अट रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात) बॅकस्लॅश-डी या खुणेने लिहिली तर पायथॉन ३ मध्ये देवनागरी अंकही त्या अटीत बसतात. मग एकच शेतकरी एकदा इंग्रजी अंकांनी आणि एकदा मराठी अंकांनी नोंदवला जातो, आणि क्रमांक एकमेव असल्याची अट दोघांनाही आत घेते, कारण तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या स्ट्रिंग असतात. मराठीत टंकन करणारे मुनीमजी असतील तर फॉर्मच्या क्लीन पद्धतीत, म्हणजे भरलेली मूल्ये तपासणाऱ्या भागात, आधी सगळे अंक एकाच लिपीत आणावेत आणि मग तपासावेत.

शेतकऱ्यांच्या ड्रॉपडाउनविषयी थोडक्यात. मूळ यादीत टेबलातले सगळे शेतकरी येतात. उद्या याच प्रणालीवर दुसरा अडत्या आला तर काटोल-नरखेडकडची त्याची गिऱ्हाइके तुमच्या अडत्याला दिसतील, म्हणून फॉर्मच्या इनिट पद्धतीत (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या भागात) त्या रकान्याची क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसातून येणाऱ्या नोंदींचा संच, मर्यादित करावी. यादी आखडते आणि बाहेरचा क्रमांक कोणी पाठवला तर तपासणीतही तो नाकारला जातो. शिवाय शेतकऱ्याच्या नावापुढे तालुका दाखवण्याची हौस असेल तर जोडलेली माहिती एकाच खेपेत आणणारे सिलेक्ट रिलेटेड वापरावे. नाहीतर यादीतल्या प्रत्येक नावासाठी डेटाबेसकडे एक वेगळी खेप होते.

प्रश्न : आमच्या प्रणालीत ‘मंजूर’ हा खुणेचा चौकोन फक्त व्यवस्थापकांसाठी आहे, म्हणून कारकुनांच्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) तो मुद्दाम दाखवलेला नाही. तरीही कारकुनाने एखादी मंजूर नोंद उघडून किरकोळ दुरुस्ती केली की तिची मंजुरी नाहीशी होते. फॉर्मच्या मेटामध्ये, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या भागात, फील्ड्स या रकान्यांच्या यादीसमोर आम्ही ‘ऑल’ (सगळे रकाने) लिहिले आहे. (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : दोष त्या ‘ऑल’ मध्येच आहे. टेम्प्लेटमध्ये रकाना न दाखवल्याने तो फॉर्ममधून जात नाही; फॉर्म त्याची वाट पाहतच असतो. खूण न केलेला चौकोन ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, म्हणून चौकोन आलाच नाही याचा अर्थ जँगो ‘खूण नाही’ असा घेतो आणि मंजूर नोंद नामंजूर करून साठवतो. रिकामा चालणारा, पण डिफॉल्ट मूल्य नसलेला मजकुराचा रकानाही याच रीतीने पुसला जातो. हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. एका ग्राहकाच्या प्रणालीत शेऱ्याचा रकाना ‘पानावर गर्दी होते’ म्हणून मी टेम्प्लेटमधून काढला होता आणि पुढच्या काही दिवसांत ज्या ज्या नोंदी दुरुस्तीला उघडल्या त्यांचे शेरे गेले. बॅकअप होता म्हणून निभावले.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नोंद पुसली जाते तशी ती बाहेरून भरताही येते. पानावर चौकोन नसला तरी ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडून कोणी ‘मंजूर’ या नावाचे मूल्य विनंतीत घुसवले, तर तुमचा फॉर्म ते स्वीकारील आणि कारकून स्वतःची नोंद स्वतःच मंजूर करून घेईल. २०१२ च्या मार्चमध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर याच जातीची फट उघडी पडली होती: रेल्स या दुसऱ्या चौकटीत विनंतीतून आलेली सगळी मूल्ये मॉडेलवर जशीच्या तशी चढत असल्याने एका व्यक्तीला आपली सार्वजनिक कळ (ओळख पटवणारी किल्ली) दुसऱ्याच्या खात्याला जोडता आली आणि त्याने रेल्सच्याच कोडच्या भांडारात बदल करून दाखवला. जँगोने १.८ आवृत्तीपासून फील्ड्स किंवा एक्सक्लूड (वगळायच्या रकान्यांची यादी) यांपैकी एक लिहिणे सक्तीचे केले आहे, पण ‘ऑल’ ची पळवाट ठेवली आहे. माझ्या मते ती शिकण्याच्या पहिल्या आठवड्यापुरती असावी. एक्सक्लूडही तितकेच धोक्याचे आहे, कारण सहा महिन्यांनी मॉडेलमध्ये नवा नाजूक रकाना आला की तो वगळण्याच्या यादीत नसल्याने आपसूक फॉर्मवर येतो.

तेव्हा कारकुनांसाठी एक आणि व्यवस्थापकांसाठी एक असे दोन मॉडेलफॉर्म करावेत आणि दोन्हींत रकान्यांची नावे एकेक करून लिहावीत. एकाच मॉडेलवर हवे तितके फॉर्म बांधता येतात. दुसरा पहिल्यापासून वारसा घेऊ शकतो, म्हणून पुन्हा लिहिण्याचे काम फार वाढत नाही.

प्रश्न : पावती क्रमांक प्रत्येक अडत्यापुरता एकमेव असावा अशी अट मॉडेलवर आहे. अडत्या फॉर्मवर नसून लॉगिनवरून व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) भरला जातो. क्रमांक दुसऱ्यांदा आला की फॉर्मवर नीट संदेश येण्याऐवजी सर्व्हर एररचे पान येते. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : मॉडेलफॉर्म फक्त आपल्या यादीतले रकाने तपासतो. दोन रकान्यांवरील एकत्रित अटीतला एक जरी यादीबाहेर असला तरी ती अट तो सोडून देतो. मग ती डेटाबेसापाशी अडते आणि इंटिग्रिटी एरर उठतो. फॉर्म तयार करतानाच इन्स्टन्समध्ये, म्हणजे फॉर्ममागच्या नोंदीत, अडत्या भरून दिल्यानेही हे सुटत नाही, कारण तपासणीतून वगळायचे रकाने फॉर्मच्या यादीवरूनच ठरतात.

सोपा मार्ग असा की अडत्या फॉर्मच्या इनिटमध्ये घ्यावा आणि क्लीनमध्ये त्याच अडत्याची, त्याच क्रमांकाची पावती आधीपासून आहे का हे स्वतः विचारावे. दुरुस्ती चालू असलेली नोंद त्या शोधातून वगळण्यास विसरू नये. नाहीतर क्रमांक न बदलता साठवलेली पावतीही ‘आधीच आहे’ म्हणून परत येईल. साठवताना कमिट फॉल्स देऊन (म्हणजे लगेच डेटाबेसात न लिहिता) अडत्या जोडावा आणि मग सेव्ह करावे. फॉर्ममध्ये मेनी टू मेनी (एका नोंदीला अनेक नोंदी जोडणारा) रकाना असेल तर त्यानंतर सेव्ह एमटूएम वेगळे बोलवावे लागते, कारण मूळ नोंदीला क्रमांक मिळेपर्यंत त्या जोड्या कशाला बांधायच्या हे जँगोला ठाऊक नसते.

ही तपासणी लिहिली म्हणून मॉडेलवरची अट मात्र काढू नये. बाजाराच्या गर्दीच्या वेळी दोन संगणकांवरून एकच क्रमांक एकाच क्षणी आला तर दोन्ही फॉर्म ‘असा क्रमांक नाही’ असेच उत्तर मिळवून पुढे जातील आणि दुसऱ्याला अडवणारा फक्त डेटाबेस असेल. त्या क्षणाचा इंटिग्रिटी एरर व्ह्यूमध्ये पकडून तोच संदेश फॉर्मवर दाखवावा.