आकृती आधी, सिद्धता नंतर
सूत्र पाठ करण्याआधी आकृती काढण्याची सवय लावून घ्या. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. १ + ३ + ५ + ७ ही बेरीज ठिपक्यांनी मांडत, एका ठिपक्याला दोन बाजूंनी काटकोनी पट्ट्या जोडत गेलात, की ४ × ४ चा चौरस तयार होतो आणि उत्तर १६ का येते, हे डोळ्यांनाच दिसते. नवशिके मात्र नकळत समद्विभुज त्रिकोण काढून त्याचा गुणधर्म सर्वच त्रिकोणांना लावतात. त्याहून मोठी चूक म्हणजे चार-पाच उदाहरणांत दिसलेला क्रम सिद्ध झाला असे मानणे: वर्तुळावरील बिंदू एकमेकांना जोडल्यास आतील भाग जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ असे वाढतात, पण सहाव्या बिंदूला ३१च मिळतात. (हे स्वतः काढून, मोजून पाहाच.) अंदाज चुकला तरी खोडू नका, तो नेमका कुठे फसला, ते शेजारी लिहा.