बाणाची खाच पाडण्यासाठी कोणते हत्यार घ्यावे?

प्रश्न : पाइनच्या गोल काठ्यांपासून मी घरीच बाण तयार करतो. दोरी बसण्यासाठी मागच्या टोकाला खाच पाडताना करवत कधी तिरपी जाते, तर कधी काठीच चिरते. परदेशी बनावटीचे खास हत्यार मला परवडणारे नाही. मुंबईत कमी खर्चात काय घ्यावे? – एक वाचक, परळ

उत्तर : खास हत्याराची आपल्याला गरजच नाही. धनुष्याची दोरी साधारणतः अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, एका पात्याचा काप जेमतेम एक मिलिमीटरचा पडतो. म्हणून इंचाला 24 दाते असलेली तीन पाती, दाते एकाच दिशेला ठेवून, चिकटपट्टीने एकत्र घट्ट बांधली की एकाच कापात जवळजवळ हवी तेवढी रुंदी मिळते. ही पाती नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानांत सुटी मिळतात. वाचलेले पैसे चांगल्या बारीक कानशीवर खर्च करावेत, कारण दोरी टेकते तो खाचेचा तळ गोल कानशीने गुळगुळीत केला नाही, तर दोरी झिजते आणि चीरही तिथूनच सुरू होते. तळाशी आधी ड्रिलने भोक पाडावे, असे काही जण सुचवतात. परंतु आठ-नऊ मिलिमीटरच्या काठीत ते किंचित जरी सरकले तरी काठी वाया जाते, म्हणून मी तो सल्ला देणार नाही.

काठी चिरण्याचा दोष मात्र बहुधा हत्याराचा नसतो. काठीच्या टोकाकडे नीट पाहिल्यास लाकडाच्या वाढीच्या रेषा दिसतात. खाच या रेषांना समांतर पाडली, तर बाण सुटताना दोरीचा धक्का त्या रेषांमध्ये पाचर ठोकल्यासारखा बसतो. ती रेषांना काटकोनात छेदणारी हवी. खोली सात-आठ मिलिमीटर पुरते. खाचेच्या लगेच खाली सेंटीमीटरभर मजबूत दोरा गुंडाळून त्यावर गोंद चढवावा.

काप तिरपा जातो तो काठी हातात धरल्यामुळे. चाळीतल्या खोलीत व्हाइस, म्हणजे काठी घट्ट धरणारा शिकंजा, बसवायला जागा कुठली, हे मी जाणतो. परंतु दोन लाकडी पट्ट्यांना व्ही आकाराची चर पाडून, त्यांमध्ये काठी ठेवून, जी-क्लॅम्पने (स्क्रू फिरवून आवळायच्या पकडीने) टेबलाच्या कडेला आवळली तरी काम भागते.

शेवटी बाण दोरीवर लटकवून पाहावा. तो स्वतःच्या वजनाने पडू नये, पण दोरीला टिचकी मारताच सुटावा. सुटत नसेल तर कानस आणखी एक-दोनदा फिरवावी. आपोआप गळत असेल तर तेवढे टोक कापून खाच नव्याने पाडावी लागते, म्हणून काठी सुरुवातीलाच दोन-तीन सेंटीमीटर जास्त लांब ठेवावी.